बाभळीवरची बिऱ्हाडे

बिर्लानगरातील आमच्या घरामागे एक खोलगट जागा आहे. आषाढात तिचे तळे होते. त्या तळ्यावर ओणवलेली जुनी बाभूळ गतवर्षी आमच्या घरात वादाचा विषय झाली. तिची एक फांदी छपराला टेकली होती, काटे अंगणभर पडत. "पोरांच्या पायांत काटे मोडण्यापेक्षा झाडच काढून टाका," हा सौ.चा आग्रह, आणि तो गैर नव्हता. आम्ही लाकूडतोड्यास सांगावा धाडला.

तो उगवला तो चार मोठ्या सरी पडून गेल्यावर. वर पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेविली. "बाबूजी, बया घर बना रही है," एवढेच तो बोलला. पाण्यावरच्या फांद्यांना, अर्धेमुर्धे धरून, अकरा खोपे लोंबत होते. जियाजीराव कापड गिरणीचा भोंगा होता तोवर आमची सकाळ भोंग्याची. तो थांबल्यावरही हा गलका आम्हांस ऐकू आला नव्हता, याची लाज वाटली.

हिंदीतली बया ती आपली सुगरण. या नावाने मराठीने आपली थोडी फसगतच केली आहे, कारण विणकाम सारे नराचे. हळदीसारख्या पिवळ्या माथ्याचा तो गवताच्या धांदोट्या काढून विणतो, आत चिखल लिंपतो. खोपा अर्धा झाला, की मादी तपासावयास येते. पसंत पडला तर नर तो पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली, की दुसरा विणू लागतो, दुसऱ्या मादीसाठी! सलीम अलींनी हे १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळ किहीमला समुद्राकाठच्या घरी राहून उलगडले. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. नोकरी असती तर हे कोणी पाहिले असते कोण जाणे. आम्ही हे सौ.ना वाचून दाखविले. "म्हणजे सुगरण कसली, लबाडच तो," हा त्यांचा अभिप्राय. तो देताना त्यांनी आमच्याकडे का पाहिले, ते समजले नाही.

पिले उडेपर्यंत तह झाला. अंडी उबविण्यास पंधरवडा, पिले उडण्यास तितकेच दिवस.

भाद्रपदातल्या एका वादळी रात्री एक खोपा तुटून काठाच्या चिखलात पडला. सकाळी लुगडे खोचून चिखलात उतरल्या त्या सौ.च. आत दोन पिले, एक गेलेले. दुसऱ्यासह खोपा त्यांनी सुतळीने खालच्या फांदीला बांधला आणि खिडकीशी बसून राहिल्या. त्या दिवशी स्वयंपाकास उशीर झाला. दुपार कलली तेव्हा मादी चोचीत नाकतोडा घेऊन आली, दोनदा परतली, तिसऱ्यांदा आत शिरली.

आठवड्याने खोपा रिकामा दिसला. पिलू उडाले की मांजराने नेले, हे कोणी पाहिले नाही. सौ. म्हणतात, उडाले.

कार्तिकात लाकूडतोड्या पुन्हा आला. छपराला टेकलेली तेवढी एक फांदी त्याच्याकडून छाटून घेतली.