एक टेबल, दोन प्रश्न

नंदुरबारला मित्रासोबत दुपारी चायनीज सेंटरवर नूडल्स खायला बसलो की ऑर्डरआधी दोन प्रश्न ठरलेले. मी विचारतो, ‘चिकन हलाल आहे का?’ तो विचारतो, ‘व्हेजची कढई वेगळी आहे ना?’ त्याच्या प्रश्नाला काही जण श्रद्धा म्हणतात, माझ्या प्रश्नाला मात्र कट्टरता. का बरं? दोघांनाही आपापला नियम पाळून सोबतच जेवायचं असतं. खुद्द चीनमध्ये लानझोऊच्या हाताने ओढलेल्या नूडल्स हुई मुसलमानांनी हलालचा नियम सांभाळूनच नावारूपाला आणल्या. आज तिथे त्या सगळेच खातात. उत्तर समाधानकारक नसलं तर मीही व्हेज मागवतो, गप्पा चालूच राहतात. मित्राला माझा प्रश्न खटकत नाही, मला त्याचा नाही. शेजारच्या टेबलालाही तो खटकू नये, एवढंच म्हणणं आहे.