कुत्रा कोणासाठी?

कडेगावातील माझ्या शेजाऱ्यांनी सायबेरियन हस्की आणला आहे. बर्फासाठी घडलेली दुहेरी लोकर पांघरून तो मुका जीव वैशाखात पत्र्याखाली धापा टाकतो, आणि मालक आल्यागेल्याला त्याची किंमत सांगतात!

स्वदेशाभिमानी म्हणतील, मुधोळचा शिकारी कुत्रा घ्या. २००५ साली टपालतिकिटावर झळकलेली जात! मान्य. परंतु सशामागे धावण्यासाठी जोपासलेले ते जनावर दारात साखळीने जखडणे हाही जुलूमच.

जात पाहण्याआधी आपण आपले अंगण, आपला उन्हाळा आणि आपली सवड का पाहू नये? मोकळे रान नसेल तर गल्लीतले पिल्लू उचलावे; भाकरतुकड्यावर वाढते, राखणही करते. तेवढीही सवड नसेल, तर कुत्रा न पाळणे हीच खरी भूतदया, असे मी स्पष्टच म्हणतो.