समन्सासोबत एक पान

मा. अध्यक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे यांस,


आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी भर बाजारात रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण इंदापुरापर्यंत पोहोचले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने सावकारी व्याजाबरोबरच दिवाणी न्यायालयांच्या एकतर्फी हुकूमनाम्यांवरही बोट ठेवले होते, याचे स्मरण सहसा कोणी देत नाही. समन्स निघे, कुणबी हजर होत नसे आणि त्याच्या गैरहजेरीत त्याची जमीन जाई. म्हणूनच १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशास खतामागील मूळ व्यवहार तपासावयास लावले आणि गावोगाव मुन्सफ व समेट घडविणारे नेमण्याची तजवीज केली.

आज सावकाराच्या जागी बहुधा सख्खा भाऊच वादी असतो. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी झालेल्या बहिणीच्या दारी बेलीफ येतो, समन्स नाकारल्यास नक्कल दारालाच डकवितो. सोबतच्या अर्जात चतुःसीमा, कब्जेवहिवाट, निरंतर मनाईहुकूम अशी अक्षरे दाटलेली असतात, आणि कैफियत देण्याची ३० दिवसांची, फार तर ९० दिवसांची मुदत तिच्या नकळत सुरू झालेली असते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण वादीस ठीक. प्रतिवादीस निवड कुठे असते?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पण तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते न्यायालयाच्याच आवारात, म्हणजे ज्या फाटकाची तिला धास्ती वाटते त्याच्या आत! लोकअदालतीत न्यायालयीन शुल्क परत मिळते, हे चांगलेच. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसल्याने, स्वतःचा हक्कच ठाऊक नसलेल्या पक्षकाराची तडजोड मला शरणागतीहून फारशी वेगळी वाटत नाही.

यास्तव विनंती इतकीच, की प्रत्येक दिवाणी समन्सासोबत ठळक, सोप्या मराठीतले एक पान जोडले जावे : दावा कोणी, कशाबद्दल लावला, तारीख कोणती, कैफियत केव्हापर्यंत द्यावयाची, न दिल्यास काय होते आणि मोफत वकिलासाठी कोणास भेटावे, आणि निरक्षरास ते बेलिफाने वाचून दाखवावे. उच्च न्यायालयाची मंजुरी लागत असल्यास तशी शिफारस आपण करावी. प्रारंभ बारामती व इंदापूर येथील न्यायालयांतून वर्षभरासाठी व्हावा, आणि त्या वर्षातील एकतर्फी हुकूमनाम्यांची संख्या मागील वर्षाच्या संख्येशेजारी मांडून जाहीर केली जावी.

कळावे,
आपला नम्र,
बारामतीचा एक रहिवासी