‘लायसन्स नको’वाली ई-स्कूटर आणि मोटरची अर्ध्या तासाची परीक्षा

‘ना लायसन्स, ना नंबरप्लेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ई-स्कूटरला ही सूट मिळते केंद्रीय मोटार वाहन नियमांतून. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती मोटार वाहनच नसते.

गोम त्या २५० वॅटमध्ये आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत मोजतात ती ‘३० मिनिटांची शक्ती’, म्हणजे मोटर सलग अर्धा तास देऊ शकेल तेवढी. चढावर काही सेकंद तीच मोटर याहून बराच जास्त जोर लावू शकते, तरीही पास होते! शिवाय परीक्षा नमुना गाडीची. विकताना कंट्रोलरमध्ये फेरफार केला की वेग वाढतो. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशाच गाड्यांवर कारवाई सुरू केली होती.

फटका मात्र घेणाऱ्याला. वेग वाढवलेली गाडी मोटार वाहन ठरते, तीही विनानोंदणी, विनाविमा. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून. चालवणारा अल्पवयीन असेल, तर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि या गाड्या क्लासला जायला म्हणून मुलांनाच तर घेतल्या जातात. दुकानात चाचणीचं प्रमाणपत्र मागा, ट्रायल घेताना काटा २५ च्या पुढे जातो का तेही बघा.