अर्धेच किर्लोस्कर

संपादक महोदय,
नवउद्योजकांसाठीच्या सल्ल्यांचा लेख वाचला. पहाटे उठा, स्वतःचे मालक व्हा, दरमहा वाढ मोजा! पैनगंगेकाठचा आमचा कापूसवाला पहिली दोन्ही कामं पिढ्यान्‌पिढ्या करतोय. दरमहा मोजणार काय? त्याचं वर्ष आदिलाबादच्या यार्डात ठरतं. कापसात ओल मोजायचं यंत्र खुपसतात. 12 टक्क्यांवर काटा गेला की हमीभाव हुकला.

लेखकानं उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला दिला, तोही अर्धाच. त्यांच्या लोखंडी नांगरानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. 1910 मध्ये त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली, ती औंधच्या राजांनी जागा दिली म्हणून. हे का गाळलं? आणि उधारी थकली तर काय करायचं, तेही पुढच्या लेखात येऊ द्या.

– एक वाचक, भीमपूर (जि. आदिलाबाद)