राणीचा अनुक्रमांक

राष्ट्रे, प्रांत आणि राजे यांच्या नावांवरून जे कलह माजतात ते रिकामटेकड्या अभिमानाचे चाळे होत, असे मानणारा एक व्यवहारचतुर पक्ष सर्वत्र आढळतो. १९५२ च्या फेब्रुवारीत सहावा जॉर्ज निवर्तला, त्याच्या कन्येच्या नावाची द्वाही 'दुसरी एलिझाबेथ' म्हणून फिरली आणि स्कॉटलंडातून हरकत निघाली, तेव्हा या पक्षाने आपले ठेवणीतले तीन मुद्दे पुढे केले : आकडा ही क्षुल्लक बाब आहे, वहिवाट तशीच आहे, आणि न्यायालयाने हरकतदारांचा दावा फेटाळला आहे.

बाब क्षुल्लक असेल तर ती सोडून देण्यातही काही वेचत नाही. पण क्षुल्लक म्हणणारेच ती हातची सोडीत नाहीत, यातच तिचे मोल उघड होते. गड, खजिना, फौज आणि मुलूख सर्व काही पदरी असतानाही शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक करवून घेतला आणि नवा शक सुरू केला, तो हौसेखातर नव्हे. अभिषेकावाचून परक्या दरबारांच्या लेखी ते जहागीरदाराचे बंडखोर पुत्रच राहिले असते.

वहिवाटीचा मुद्दा अधिक वजनदार आहे, कारण चौथा विल्यम आणि सातवा एडवर्ड हे इंग्लंडच्याच हिशेबाने मोजले गेले होते. परंतु पहिली एलिझाबेथ १५५८ पासून १६०३ पर्यंत इंग्लंड व आयर्लंडची राणी होती. स्कॉटलंडवर तिचा अंमल एक दिवसही नव्हता. तिच्या पश्चात स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला तो तेथे पहिला झाला, आणि स्वदेशी सहावाच राहिला. पुढे १७०७ च्या करारान्वये दोन्ही राज्ये विसर्जित होऊन ग्रेट ब्रिटन हे तिसरेच राज्य निर्माण झाले. त्या राज्याच्या सिंहासनावर याआधी कोणतीही एलिझाबेथ बसलेली नसताना नव्या राणीस दुसरी म्हणावयाचे, तर तो करार दोन समानांचा संयोग नसून एकाने दुसऱ्यास खालसा केल्याचा दस्तऐवज होता, असे कबूल करावे लागेल. चुकीची नोंद दोनदा झाली म्हणून ती सनद होत नाही.

राहिला न्यायनिवाडा. १९५३ साली हरकतदार मॅकॉर्मिक यांचा दावा फेटाळला गेला हे खरे. पण राजबिरुद ठरविणे हा राजाचा विशेषाधिकार आहे आणि वादींना दावा लावण्याचा हक्कच पोहोचत नाही, ही त्याची कारणे होती. 'स्कॉटलंडात ही पहिलीच एलिझाबेथ' हे विधान कोणी खोडले नाही. उलट त्याच निकालात न्यायाधीश लॉर्ड कूपर यांनी, पार्लमेंटच्या अनिर्बंध सत्तेचे तत्त्व खास इंग्रजी असून स्कॉटलंडच्या राज्यघटनाशास्त्रात त्याला जोड नाही, असा अभिप्राय नमूद करून ठेवला.

एडिंबरोच्या इंच वस्तीत १९५२ च्या नोव्हेंबरात राणीचे आद्याक्षर आणि रोमन दोनचा आकडा असलेली लाल टपालपेटी उभी राहिली, आणि तीन महिन्यांच्या आत ती स्फोटाने उडवली गेली. त्या कृत्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण पुढे स्कॉटलंडातल्या नव्या पेट्यांवर आकडा गाळून केवळ स्कॉटिश मुकुट उमटू लागला, आणि सरकारने जे वादात मान्य केले नव्हते ते बिडावर मान्य केले.

आता मंडन. ज्या नावाखाली दोन समाज नांदावयाचे, ते नाव उच्चारताना दोहोंपैकी एकासही स्वतःचा इतिहास पुसावा लागू नये, हीच नामकरणाची न्याय्य अट होय. ती पाळता येते, हे चर्चिल यांनी १९५३ सालीच दाखविले : यापुढे दोन्ही परंपरांपैकी जिचा आकडा मोठा भरेल तो धरावा, असे त्यांनी सुचविले. या हिशेबाने पुढचा एडवर्ड स्कॉटलंडातही नववा आणि पुढचा जेम्स इंग्लंडातही आठवा ठरेल. आजवर या नियमाने इंग्लंडचे काहीच गेलेले नाही. कारण एलिझाबेथचा आकडा इंग्लंडचाच, आणि चार्ल्स तर दोन्ही हिशेबांनी तिसराच. इंग्लंडात दोनच जेम्स होऊन गेले असताना शाही टाकसाळीत तिसऱ्याला आठवा म्हणण्याची पाळी येईल, तेव्हा आकड्याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी आपलाच युक्तिवाद स्वतःला लावून दाखवावा.