गॅस, पट्टा आणि भाऊबीज

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात दोन वस्तू हमखास बिघडतात; एक चकलीचा सोऱ्या आणि दुसरी मोटार. सोऱ्या शेजारच्या वहिनींकडून मागून आणता येतो. मोटारीचे तसे नाही. तशात गेल्या वर्षी पाडव्याला पहाटे निघून साताऱ्यास पोचायचे आणि भाऊबीज तेथेच करायची, असे आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या बंधुराजांना नवरात्रातच कळवून टाकले होते. बंधुराजांनी नवे घर बांधले होते आणि ते पाहायला माझ्या आईलाही घेऊन यावे, असा त्यांचा आग्रह होता. आई 79 वर्षांची. तिला दमा आहे. एस.टी.चा प्रवास तिला आता सोसत नाही.

आमची मोटार डिझेलवर चालते. कचेरीतल्या एका सहकाऱ्याची बंगळूरला बदली झाली, तेव्हा ती मी त्याच्याकडून घेतली. गेल्या दिवाळीला तिला 9 वर्षे पुरी झाली होती आणि ती चालली होती 48,000 किलोमीटर. एवढ्या वयाच्या मानाने हे काहीच नव्हे, असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत असे. पाहुणे मंडळी कौतुकाने मान डोलावीत. या 48,000 च्या आकड्याने मला किती गाफील ठेवले, ते पुढे येईलच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीचा ए.सी. गार हवा देईनासा झाला. पंखा चाले, आवाज येई, पण हवा यायची ती भटारखान्यातल्यासारखी. त्याच सुमारास सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून एक किंकाळी निघू लागली. पहिल्या दिवशी वाटले, मांजर अडकले असेल. मग कोणीसे सांगितले, पट्टा ओरडतो आहे, त्याला साबण लावा. दिवाळीचा साबण घरात आलेलाच होता. मी त्यातली एक वडी लांबवली आणि फिरणाऱ्या पट्ट्याला नव्हे, इंजिन बंद करून, रीतसर अभ्यंगस्नान घातले. दोन दिवस शांतता नांदली. तिसऱ्या दिवशी किंकाळी परत आली, तीही चंदनाच्या वासासकट. (हा उपाय कोणी करू नये. साबणाने पट्टा गप्प होतो खरा, पण घसरू लागतो.)

ए.सी. म्हणजे चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमच्या गोवंडीला येऊन राहावे. आमच्या उत्तरेला देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे. 1927 साली तेथे कचरा टाकायला सुरुवात झाली. त्याचा डोंगर आम्ही सगळ्यांनी वाढताना पाहिला आहे. वारा तिकडून सुटला की घराघरांतून खिडक्या लावल्याचे आवाज येतात. 2016 च्या जानेवारीत तेथे मोठी आग लागली, धूर शहरभर पसरला, महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि पुष्कळ मुंबईकरांना गोवंडी कोठे आहे ते तेव्हा वर्तमानपत्रातून समजले. त्या आगीत आईने दोन रात्री उशीला टेकून बसून काढल्या. म्हणून गाडी घेतल्यापासून आमचा एक नियम आहे: आई गाडीत बसली की काचा वर, आणि आतल्या आत वळसा घेणाऱ्या बाणाची कळ दाबलेली. त्या कळीने बाहेरची हवा यायची थांबते आणि गाडीतलीच हवा फिरून फिरून गार होते. तेव्हा आमच्याकडे ए.सी. हे आईचे औषध आहे, आणि ते पट्ट्यावर चालते.

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या उड्डाणपुलाखालून आत वळले की एक गल्ली लागते. तेथे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. पन्नाशीचा माणूस, बोलणे कमी. त्यांनी बॉनेट उघडले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"साबण लावलात का, साहेब?"

मी कबूल केले. मग विषय बदलावा म्हणून म्हणालो, "ए.सी.चा गॅस संपलाय वाटतं. एप्रिलमध्येच भरला होता. गेल्या वर्षीही एप्रिलमध्येच भरला होता."

"साहेब, डिझेल जळून संपतं. हा गॅस जळत नाही, नळ्यांतून गोल फिरून परत येतो. कमी झाला म्हणजे गळला. आधी भोक शोधायचं, मग भरायचं."

म्हणजे दोन वर्षे मी फुटक्या माठात पाणी ओतत होतो, आणि त्याचे पैसे मोजीत होतो. हे मला एप्रिलमध्ये कोणी सांगितले नव्हते. अर्थात मीही विचारले नव्हते. उस्तादांनी बॅटरीचा झोत पुढच्या जाळीतून आत सोडला. इंजिनाच्या पाण्याच्या रेडिएटरपुढे ए.सी.चा कंडेन्सर असतो. तापलेला गॅस त्यात थंड होऊन त्याचा द्रव होतो. त्याच्या एका कोपऱ्यात धूळ बसलेला तेलकट डाग होता. गॅसाबरोबर थोडे तेलही फिरत असते. जेथून गॅस गळतो तेथे ते तेल झिरपते आणि त्यावर धूळ चिकटते. रस्त्यावरचा एखादा खडा उडून लागला असावा.

किंकाळणारा पट्टा त्यांनी बोटाने उलटा वाकवून दाखवला. आतल्या बाजूच्या रेघांना आडव्या भेगा पडल्या होत्या. आमच्या गाडीत तो एकच पट्टा बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि ए.सी.चा कॉम्प्रेसर, दोन्ही फिरवतो. ए.सी.ची कळ दाबली की चुंबकाच्या जोरावर कॉम्प्रेसर पट्ट्याला जोडला जातो, बंद केली की सुटतो. ही सोय पूर्वी नव्हती. 1940 च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने पहिल्यांदा कारखान्यातूनच ए.सी. बसवलेली मोटार विकायला काढली. तिच्या डिकीची निम्मी जागा त्या यंत्रानेच खाल्ली होती, आणि ए.सी. बंद करायचा तर मालकाने गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा उतरवायचा! हे मी घरी सांगितले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तुम्ही त्या काळी फार सुखी झाला असता. पट्ट्याला साबण लावायला रोज सवड मिळाली असती."

हा बाहेरचा पट्टा किरकोळ किमतीचा. उस्तादांनी तो लगेच बदलला. मग हात पुसता पुसता त्यांनी विचारले, "आणि आतला? टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?"

मी 48,000 चा आकडा ऐकवला. नेहमीप्रमाणे मान काही डोलली नाही.

"रबराला किलोमीटर कळत नाहीत, साहेब. नऊ वर्षं झाली ना? आणि सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन फिरतंच की."

खरे होते. गोवंडीहून शीवला जायचे म्हणजे जेमतेम सात-आठ किलोमीटर, पण एखादे दिवशी त्याला तास लागतो. आकडा सातानेच वाढतो. पट्टा मात्र तासभर राबतो.

हा आतला पट्टा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनातले दट्टे वरखाली होतात आणि त्यांच्या डोक्यावरच्या झडपा उघडतात, मिटतात. दोघांची वेळ चुकता कामा नये. ती वेळ हा दात असलेला रबरी पट्टा सांभाळतो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबूनच इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावे. त्यासाठी दट्टा झडपांच्या अगदी अंगावर येईपर्यंत वर जातो. पट्टा तुटला की झडपा उघड्या राहतात आणि दट्टा त्यांच्यावर आदळतो. झडपा वाकतात, इंजिन उघडावे लागते, खर्च पाचपट सहापट होतो. आणि हे गाडी धावत असताना होते. इंजिन थांबले की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होते. प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो म्हणून तो दिसत नाही, आणि बाहेरच्या पट्ट्यासारखा ओरडतही नाही. सगळ्याच गाड्यांना तो असतो असे नाही. मारुतीची डिझेल स्विफ्ट 2020 पासून निघायची थांबली, पण रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत. तिला साखळी आहे. टाटांच्या डिझेल इंडिकाला पट्टा होता. आपल्या गाडीला काय आहे आणि ते किती किलोमीटरांनी किंवा किती वर्षांनी बदलायचे, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेले असते. यांपैकी जे आधी येईल ते धरायचे.

उस्तादांनी हिशेब सांगितला. टायमिंगचा पट्टा, त्याला ताण देणारी पुली आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप मिळून 11,500. कंडेन्सर आणि गॅस मिळून 9,000. माझ्याजवळ गाडीसाठी बाजूला काढलेले 12,000 होते. दिवाळीचा बाकीचा खर्च आधीच होऊन बसला होता. दोहोंतले एकच होणार होते.

खरे सांगतो, मी ए.सी.च करणार होतो. आईचा दमा हे कारण तर होतेच, पण ए.सी. दिसतो. गार वारा लागला की घरातली माणसे खूश होतात, मेहुण्यांच्या दारात घामेजलेले उतरावे लागत नाही. 11,500 रुपये घालून गाडी कालच्यासारखीच चालणार, हे घरात सांगायचे कसे? घरी येऊन मी फक्त कंडेन्सरबद्दल बोललो.

रात्री ही पी.यू.सी.चा कागद शोधायला गाडीच्या कप्प्यातले पाकीट घेऊन बसली. त्यातून एक पिवळी पावती निघाली. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगची. खाली हाताने लिहिलेले: टायमिंग बेल्ट बदलणे आवश्यक. तिने ती दोनदा वाचली.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होते. त्या महिन्यात मी भिंतीवरचा मोठा टी.व्ही. घेतला होता. पट्टा पुढच्या महिन्यात करू म्हटले, मग त्याच्या पुढच्या, आणि मग पावती पाकिटात गेली.

"म्हणजे आईंना त्र्यंबकेश्वरला नेलं," ती सावकाश म्हणाली, "कसारा घाट उतरताना मागे तो ट्रक होता, बाळ्या माझ्या मांडीवर झोपला होता, तेव्हाही हा असाच होता?"

मी टी.व्ही.चा आवाज कमी केला. बोलण्यासारखे दुसरे काही सुचेना.

आई पलंगावर बसून वाती वळत होती. तिला कमी ऐकू येते, असा आमचा समज आहे.

"अरे, मला श्वास लागला तर माझ्या पिशवीत पंप आहे," ती म्हणाली. "तुझी गाडी घाटात बंद पडली, तर तुझ्या पिशवीत काय आहे? तो पट्टा कर आधी. मी नाकाला पदर लावीन."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून शेडमध्ये बसलो. झाकण उघडले, तेव्हा पट्ट्याच्या दोन दातांच्या मुळाशी चीर गेलेली दिसली, आणि कडेला तेल लागून रबर फुगलेले. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी पांढऱ्या रंगाने चाकांवर खुणा केल्या, जुना पट्टा उतरवला, नवा चढवला, ताण दिला. आता गाडी सुरू करतील, असे मला वाटले. त्यांनी किल्लीला हातच लावला नाही. मोठा पाना घेऊन इंजिन हाताने फिरवू लागले. हळूहळू, पूर्ण दोन फेरे. मी बॅटरी धरून उभा होतो. खुणा लांब गेल्या, फिरून आल्या आणि समोरासमोर थांबल्या. वेळ एका दाताने जरी चुकली असती, तरी ती या खुणांवरून आधी कळली असती. मग त्यांनी पोऱ्याला किल्ली फिरवायला सांगितले, आणि माझ्यासाठी एक कटिंग मागवला. जुना पट्टा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

पाडव्याला पहाटे साडेचारला निघालो, काचा खाली करून. मानखुर्दपर्यंत आई तोंडाला मास्क लावून डोळे मिटून बसली होती. खाडीपूल आला, तेव्हा तिने मास्क उतरवला आणि खिडकीशी तोंड नेले. खंडाळ्याच्या घाटात पुढे ट्रकांची रांग होती. तेथे तिला खोकल्याची मोठी उबळ आली. बाजूला थांबण्याजोगी जागा नव्हती. ही एका हाताने तिची पाठ चोळत होती, दुसऱ्या हाताने पंप हलवत होती, आणि मी आरशात पाहत चढ चढत होतो. दोन झुरके घेतल्यावर उबळ बसली. त्या दहा मिनिटांत हिने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. पुण्याच्या पुढे आई झोपली, ती खंबाटकीपर्यंत. साताऱ्याला पोचलो, तेव्हा तिचे केस वाऱ्याने पिंजारले होते. मेहुण्यांच्या पत्नीने आधी तिला गरम पाणी दिले आणि मग आम्हाला घर दाखवले.

डिसेंबरच्या पगारावर कंडेन्सर झाला. उस्तादांनी नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने अर्धा तास ओढून काढली, मग गॅस वजनावर मोजून भरला. यंदाचा एप्रिल आला आणि गेला. गॅस भरावा लागला नाही. आई गेल्या महिन्यात काचा लावून डोळे तपासायला जाऊन आली.

जुना पट्टा मी टाकून देणार होतो. हिने तो धुतला, गुळगुळीत बाजूवर नव्या पट्ट्याची तारीख बॉलपेनने लिहिली आणि दिवाणखान्यात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. टी.व्ही. त्याच भिंतीवर आहे.